देशाच्या हद्दींत, जकातीच्या हद्दीबाहेर

गेल्या सत्रांत पवित्र शास्त्राच्या तासाला मत्तयाच्या पाचारणाचा पाठ चालला होता. मत्तय जकातीच्या नाक्यावर बसला असतां प्रभूनें त्यास बोलाविलें, हें वाचून होतांच इयत्ता आठवींतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें कीं, तो त्या नाक्यावर बसून नेमकें काय करीत होता? कफर्णहूम हें गालील समुद्राच्या कांठचें गांव असून दोन मांडलिक राजांच्या सरहद्दीजवळ होतें. तेथून येणाऱ्याजाणाऱ्या मालावर कर घेणें हें त्याचें काम, असें आम्हीं सांगितलें. तेवढ्यानें प्रश्न मिटला नाहीं. मागच्या बांकावरून दुसरा म्हणाला, "सर, जो माल त्या गांवांत विकायचाच नाहीं, नुसता पुढच्या गांवीं न्यायचा, त्यावरहि कर कां म्हणून?"

घंटा झाली व उत्तर राहून गेलें. पुढें विचार करतां आम्हांस असें दिसून आलें कीं, मुलानें सहज विचारलेल्या या प्रश्नावर व्यापारी व राज्यकर्ते दोन हजार वर्षांहून अधिक काळ वाद घालीत आले आहेत, आणि त्या वादांतून निघालेली एक युक्ति आज जगांतील पुष्कळ देशांत चालू आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तिला फॉरेन ट्रेड झोन, म्हणजे परदेशी व्यापार-क्षेत्र, असें म्हणतात. हें क्षेत्र कसें चालतें व बाहेरून माल आणणाऱ्या व्यापाऱ्यास आणि कारखानदारास त्याचा काय उपयोग होतो, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें म्हणून हा लेख लिहिला आहे. थोडा हिशेब करावा लागेल. परंतु तो सातवीच्या गणितापलीकडचा नाहीं.

जकात या शब्दाविषयीं आरंभींच खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे जकात म्हटलें कीं वडील मंडळींस शहराच्या वेशीवरचे नाके आठवतात. मुंबईंत मुलुंड, दहिसर, मानखुर्द येथें मालमोटारींच्या रांगाच्या रांगा उभ्या असत. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला आणि तो देखावा संपला. या लेखांतील जकात ती नव्हे. परदेशी माल देशाच्या हद्दींत शिरतांना सरकार जो कर घेतें, ज्यास कायद्यांत सीमाशुल्क म्हणतात व बंदरावरचे लोक कस्टम ड्यूटी म्हणतात, तोच येथें अभिप्रेत आहे.

हा कर घेण्यांत सरकारचे दोन हेतु असतात. एक तर तिजोरींत पैसा यावा. दुसरा असा कीं, परदेशी माल थोडा महाग होऊन देशांतील कारागिराच्या मालास बाजारांत उभें राहतां यावें. आतां मागच्या बांकावरील त्या विद्यार्थ्याचा प्रश्न पाहूं. जो माल देशांत विकलाच जाणार नाहीं, जो बंदरावर उतरून, निवडून, पुन्हां बांधून तिसऱ्याच देशास जाणार, तो येथील कारागिराचें कांहींच नुकसान करीत नाहीं. तेव्हां दुसरा हेतु तेथें लागूच पडत नाहीं. राहिली तिजोरी. पण अशा मालावर जकात मागितली तर व्यापारी आपलें जहाज शेजारच्या राजाच्या बंदरांत नेतो, आणि मग जकात तर नाहींच, पण हमालांची मजुरी, वखारींचें भाडें, दलालांची दलाली हींहि हातचीं जातात.

हें केवळ तर्कानें सांगत नाहीं. इसवी सनापूर्वीं १६६ च्या सुमारास रोमन लोकांनीं एजियन समुद्रांतील डेलॉस नांवाचें चिमुकलें बेट जकातमुक्त बंदर केलें. थोड्याच वर्षांत ऱ्होड्स बेटाचे वकील रोमला गाऱ्हाणें घेऊन आले: आमच्या बंदराचें दहा लाख द्राख्मांचें उत्पन्न दीड लाखावर आलें! ही हकीकत पॉलिबियस या ग्रीक इतिहासकारानें नमूद करून ठेविली आहे. जकात माफ करणें हें दान नसून कधीं कधीं शेजाऱ्यावर उगारलेलें शस्त्र असतें, हें त्यावरून ध्यानांत येतें. पुढें सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलींतील लिव्होर्नो बंदर मेदिची घराण्यानें सर्व राष्ट्रांच्या व्यापाऱ्यांस खुलें केलें. १८१९ मध्यें रॅफल्सनें वसविलेलें सिंगापूर आरंभापासून मुक्त बंदर होतें. मुंबई इलाख्याच्या अमलाखालीं असलेलें एडन १८५० सालीं मुक्त बंदर झालें, व मुंबईच्या कित्येक पेढ्यांचा तेथें व्यापार चाले. जर्मनींतील हँबुर्ग शहर १८८८ सालीं जर्मनीच्या जकात-हद्दींत सामील झालें. परंतु त्यानें आपल्या बंदराचा एक भाग हद्दीबाहेर राखून ठेविला. तो १ जानेवारी २०१३ रोजीं बंद झाला. पाण्याच्या कांठच्या त्याच्या विटांच्या उंच उंच वखारी मात्र अजून उभ्या आहेत.

अमेरिकेनें हा धडा उशिरां घेतला, व घेतला तोहि एका मोठ्या चुकीच्या मागून. १९२९ सालीं तेथें बाजार कोसळला. १९३० मध्यें स्मूट व हॉली या दोन सभासदांच्या नांवानें प्रसिद्ध असलेला कायदा होऊन हजारों वस्तूंवरील जकात वाढविण्यांत आली. देशी धंद्यास आधार मिळेल अशी कल्पना होती; घडलें तें असें कीं इतर देशांनींहि आपल्या जकाती चढविल्या आणि जगाचा व्यापार आकसून गेला. अमेरिकेचीं बंदरें ओस पडूं लागलीं. तेव्हां ब्रुकलिनचे प्रतिनिधि इमॅन्युएल सेलर यांनीं मांडलेलें विधेयक १९३४ च्या जून महिन्यांत मंजूर झालें व अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सहीनें परदेशी व्यापार-क्षेत्रांचा कायदा अस्तित्वांत आला. न्यूयॉर्क शहरांतील स्टेटन बेटावर स्टेपलटन येथील धक्क्यांवर १९३७ सालीं पहिलें क्षेत्र उघडलें. क्षेत्रांस क्रमांक असतात. तें क्रमांक एक.

मूळ कायद्यांत कारखाना चालविण्यास बंदी होती. माल उतरवा, निवडा, पुन्हां बांधा, पण त्यापासून नवें कांहीं बनवूं नका, असा नियम. १९५० सालीं दुरुस्ती होऊन वस्तु तयार करण्यासहि मोकळीक मिळाली, आणि तेव्हांपासून या क्षेत्रांचें रूप हळूहळू पालटत गेलें. तें कसें, हें पुढें येईलच.

आतां हें क्षेत्र असतें तरी कसें? पुष्कळांची अशी समजूत असते कीं तो जणूं परका मुलूख आहे व तेथें अमेरिकेचे कायदे चालत नाहींत. तसें मुळींच नाहीं. कुंपण घातलेली एक जागा असते. तींत वखारी, कधीं एखादा कारखाना. ती मिळविण्याचा अधिकार बहुधा बंदराचें मंडळ, नगरपालिका अशा एखाद्या सार्वजनिक संस्थेस असतो, आणि मंजुरी वाणिज्यमंत्री व अर्थमंत्री मिळून होणारें एक मंडळ देतें. प्रत्येक प्रवेश-बंदरास निदान एक क्षेत्र मिळण्याचा हक्क आहे; आणि बंदर म्हणजे समुद्रकांठच पाहिजे असें नाहीं, विमानतळ किंवा सरहद्दीवरील शहरहि चालतें. जकातीच्या कामापुरती ती जागा देशाबाहेर आहे असें मानावयाचें, एवढीच काय ती युक्ति. कामगारांचे कायदे, आरोग्याचे कायदे, परदेशी माणसांच्या प्रवेशाचे कायदे, सर्व तेथें लागू असतात. सरकारी अंमलदार व त्यांचीं माणसें यांखेरीज तेथें कोणासहि राहण्याची परवानगी नाहीं. किरकोळ दुकान मांडून जकात न भरलेला परदेशी माल गिऱ्हाइकास विकणें यासहि मनाई आहे. नाहीं तर प्रत्येक न्यूयॉर्ककर रविवारीं पिशवी घेऊन तेथेंच गेला असता!

दारावर पूर्वीं कस्टमचा अंमलदार खडा असे व प्रत्येक पेटी त्याच्या नजरेखालून जात असे. पुढें ती रीति बदलून वह्यांवर भिस्त ठेवण्यांत आली. क्षेत्र चालविणारानें आंत आलेल्या, बाहेर गेलेल्या, फुटलेल्या व नष्ट केलेल्या प्रत्येक नगाचा हिशेब ठेवावयाचा, जामीनकी लिहून द्यावयाची, आणि कस्टमचा तपासनीस केव्हांहि येऊन वही व वखार ताडून पाहील त्यास तयार राहावयाचें. नग कमी भरला तर त्याची जकात व दंड त्याच्या माथीं.

आतां लाभाकडे वळूं. समजा, न्यूयॉर्कमधील एका व्यापाऱ्यानें परदेशांतून एक लाख डॉलरांचीं पादत्राणें मागविलीं, व त्यांवर शेंकडा १० जकात आहे. माल देशांत घेतांच दहा हजार डॉलर भरावे लागतील. मग जोडे विकले जावोत वा वखारींत पडून राहोत. हाच माल त्यानें क्षेत्रांत ठेविला तर त्या दिवशीं त्यास कांहींच द्यावें लागत नाहीं. दरमहा दहा हजारांचा माल तो बाहेर काढतो, आणि जेवढा काढला तेवढ्याचीच, म्हणजे एक हजार डॉलर, जकात भरतो. पहिला हजार पहिल्याच दिवशीं, दहावा नऊ महिन्यांनीं. सरासरीनें त्याचे दहा हजार डॉलर साडेचार महिने त्याच्याच जवळ राहिले. व्याज शेंकडा सहा धरलें तर बचत झाली सव्वादोनशें डॉलरांची. रक्कम पाहून विद्यार्थी हंसतील, कीं एवढ्यासाठीं का हा खटाटोप! परंतु जो व्यापारी वर्षास दहा कोटींचा माल आणतो त्याची हीच बचत सव्वादोन लाख होते. आणि ज्या घरीं महिन्याच्या वीस तारखेस हातचा पैसा आटतो त्या घरच्या पालकांस, जो पैसा उद्यां द्यावयाचा तो आज न देण्याची किंमत आम्हीं समजावून सांगण्याची गरज नाहीं.

शिवाय माल नेहमीं शाबूतच येतो असें नाहीं. वरील मालांत शंभरांत चार जोड भिजलेले, बुरशी आलेले निघाले असें धरा. बाहेर असते तर त्यांची जकात अगोदरच भरून झालेली, व ती परत मिळविणें म्हणजे अर्जांमागून अर्ज. क्षेत्रांत ते जोड निवडून, कस्टमच्या परवानगीनें, नष्ट करतां येतात आणि त्यांवरील चारशें डॉलर मुळांत द्यावेच लागत नाहींत. मालावर कोणत्या देशांत झाला त्याची खूण चुकीची असेल तर ती तेथेंच सुधारतां येते. एखाद्या मालाचा वर्षाचा कोटा भरला असेल तर पुढचा कोटा उघडेपर्यंत तो तेथें वाट पाहत पडूं शकतो, व त्यास मुदतीची मर्यादा नाहीं. अमेरिकेंत बाँडच्या वखारीहि आहेत व त्यांतहि जकात लांबणीवर पडते. पण तेथें पांच वर्षांची मुदत असते.

मागच्या बांकावरील प्रश्नाचें सरळ उत्तर मात्र पुढील गोष्टींत आहे. त्याच व्यापाऱ्यानें तीस हजारांचे जोड ब्राझीलला विकले तर त्यांवर अमेरिकेची जकात लागतच नाहीं. क्षेत्राबाहेरून पाठविले असते तरी जकातीचा शेंकडा ९९ भाग परत मागण्याची सोय कायद्यांत आहे. परंतु त्यासाठीं अगोदर पैसे भरा, मग कागद गोळा करा, मग परतीची वाट पाहा. जो पैसा द्यावाच लागला नाहीं तो परत मागण्याची दगदग कशास?

आणखी एक लाभ अगदींच कारकुनी स्वरूपाचा आहे, पण मोठ्या कंपन्यांस तोच फार गोड वाटतो. माल देशांत घेतांना प्रत्येक दाखल्यामागें कस्टमखातें एक फी घेतें. ती मालाच्या किमतीवर शेंकडा एक-तृतीयांशाच्या आसपास असते, परंतु एका दाखल्यास कांहीं ठराविक रकमेपेक्षां अधिक घेत नाहींत. समजा ती मर्यादा सहाशें डॉलर आहे. आठवड्यांत पांच-पांच लाखांचा माल भरलेल्या दहा मोठ्या पेट्या निरनिराळ्या दिवशीं आल्या तर दहा दाखले, म्हणजे सहा हजार डॉलर. क्षेत्रांतून बाहेर जाणाऱ्या साऱ्या मालाचा आठवड्याचा एकच दाखला भरतां येतो; मग फी सहाशेंच. २००० सालच्या व्यापार कायद्यानें ही सवलत सर्वच क्षेत्रांस मिळाली.

येथवर वखारीची गोष्ट झाली. पण १९५० च्या दुरुस्तीनें कारखाने आंत आल्यावर एक अधिक महत्त्वाची गोष्ट उघडकीस आली, आणि आमच्या मतें परदेशी व्यापार-क्षेत्रांचें खरें मर्म तींतच आहे. जकातीचीं कोष्टकें एका दिवसांत कोणी बसून तयार केलेलीं नसतात. आज एका धंद्याच्या सांगण्यावरून पोलादाच्या खिळ्यावर दर चढतो, उद्यां दुसऱ्या देशाशीं झालेल्या तहानें तयार यंत्रावरचा उतरतो. होतां होतां असा विचित्र प्रकार होतो कीं, सुट्या भागांवर जकात अधिक व त्या भागांपासून केलेल्या तयार वस्तूवर कमी! यास उलटी जकात म्हणतात. ती ज्या देशांत असेल तेथील कारखानदारास सरकारच जणूं सांगत असतें कीं, बाबा, येथें जोडणी करूं नकोस. परदेशांत जोड व तयार वस्तु घेऊन ये.

मोटारीचें उदाहरण घेऊं. अमेरिकेंत परदेशी मोटारगाडीवर २०२५ पर्यंत कित्येक वर्षें अडीच टक्के जकात होती. तिच्या कांहीं सुट्या भागांवर मात्र त्याहून अधिक. समजा एक गाडी तीस हजार डॉलरांची, तींत दहा हजारांचे भाग परदेशचे, व त्यांवर सरासरी चार टक्के. अमेरिकेंत जोडणी केली तर भागांवर ४०० डॉलर जकात. तेच भाग परदेशांतच गाडींत बसून आले असते तर त्यांवर अडीच टक्क्यांनीं २५० च पडले असते. म्हणजे जोडणीचें काम देशांत केलें याचा दंड दर गाडीमागें १५० डॉलर. क्षेत्रांतील कारखान्यास कायदा असें सांगतो: तूं भागांच्या दरानें भर किंवा गाडीच्या दरानें, तुला सोईचें असेल तें निवड. तो अर्थातच अडीच टक्के निवडतो. एक लाख गाड्या झाल्या कीं दीड कोट डॉलर वांचले.

बरें, गाडीच्या दरानें भरावयाचें म्हणजे साऱ्या तीस हजारांवर काय? तसें असतें तर ७५० डॉलर होऊन सगळाच लाभ बुडाला असता. १९८० सालीं अमेरिकेच्या अर्थखात्यानें निर्णय केला कीं, क्षेत्रांत झालेली मजुरी, तेथला खर्च व नफा यांवर जकात लागूं नये. आंत आलेल्या परदेशी मालाच्या किमतीवरच लागावी. अमेरिकन कामगाराचे श्रम हे परदेशांतून आयात झालेले नाहींत, ही साधी गोष्ट सरकारच्या हिशेबांत तेव्हां बसली. त्यानंतर मोटारींचे कारखाने, तेलशुद्धीचे कारखाने, औषधांचे कारखाने यांची क्षेत्रांकडे रीघ लागली. कारखाना उचलून बंदरांत नेण्याचीहि गरज नसते. जेथें आहे तेथेंच त्यास उपक्षेत्राचा दर्जा मिळूं शकतो. दक्षिण कॅरोलिनांतील स्पार्टनबर्गजवळ बी. एम. डब्ल्यू. या जर्मन कंपनीचा कारखाना १९९४ पासून गाड्या काढीत आहे. तो असेंच उपक्षेत्र आहे. तेथून फार मोठ्या संख्येनें गाड्या परदेशीं जातात, व त्या गाड्यांतील परदेशी भागांवर जकात पडत नाहीं. आज अमेरिकेंतील सर्व क्षेत्रांत मिळून पांच लाखांहून अधिक लोक कामास आहेत. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी: मूळ कायदा पुनर्निर्यातीसाठीं झाला, पण आज या क्षेत्रांतील मालापैकीं बराच मोठा भाग अमेरिकेच्याच बाजारांत जातो.

हें सर्व वाचून एखादा पालक विचारील कीं, यांत कोणाचेंच नुकसान नाहीं काय? आहे. वरील मोटारीचा जो सुटा भाग परदेशांतून आला, तोच भाग अमेरिकेंत ओहायो किंवा मिशिगनमधील एखादा लहान कारखानदार बनवीत असतो. चार टक्क्यांची जी भिंत त्याच्यासाठीं उभारली होती ती क्षेत्रामुळें अडीच टक्क्यांवर आली. म्हणून नव्या उत्पादनासाठीं परवानगी मागणारा अर्ज आला कीं मंडळ तो प्रसिद्ध करतें व हरकती मागवितें. कापडाच्या बाबतींत तर, परदेशी कापड आंत येतांच त्याचा स्वतःचा दर पक्का करून घ्यावा, मागाहून तयार कपड्याचा किंवा दुसऱ्या वस्तूचा कमी दर निवडतां येऊं नये, अशी अट मंडळ वारंवार घालीत आलें आहे. या पक्क्या दराच्या दर्जास तेथें प्रिव्हिलेज्ड फॉरेन म्हणतात. नांवांत मान आहे खरा, पण अशा प्रसंगीं तो मान मालकास महाग पडतो.

हीच अट पुढें मोठ्या प्रमाणावर आली. २०१८ सालीं अमेरिकेनें परदेशी पोलादावर व चीनच्या पुष्कळ मालावर जादा जकाती बसविल्या, तेव्हां तो माल क्षेत्रांत येतांच याच दर्जांत नोंदला पाहिजे असें ठरविलें. २०२५ सालच्या एप्रिलमध्यें जवळजवळ सर्व देशांच्या मालावर जादा जकातीचा जो हुकूम निघाला त्यांतहि तीच अट होती. याचा अर्थ असा कीं, पैसा लांबणीवर टाकण्याचा व पुनर्निर्यातीचा लाभ राहिला, परंतु दर निवडण्याचा लाभ त्या मालापुरता गेला. सरकारनें दिलेली मोकळीक सरकार एका कागदानें आंखडूं शकतें, हें ज्या कंपन्यांनीं क्षेत्राच्या भरंवशावर कारखाने उभारले त्यांस त्या वर्षीं चांगलेंच कळून आलें असेल.

लहान व्यापाऱ्याचीहि एक तक्रार आहे, ती आम्हांस रास्त वाटते. जामीनकी, वह्या, संगणकावरील हिशेब, तो ठेवणारीं शिकलेलीं माणसें, हा खर्च माल थोडा असो कीं फार असो, बराचसा सारखाच येतो. आमच्या जोड्यांच्या व्यापाऱ्याची वार्षिक बचत, फुटतुटीची धरून, हजाराच्या आंतच राहावयाची. तेवढ्यांत एका कारकुनाचा महिन्याचा पगारहि निघत नाहीं. दुसऱ्याच्या सार्वजनिक वखारींत भाड्यानें कोपरा घेणें, एवढाच त्याचा मार्ग. सार्वजनिक संस्थेच्या हातीं परवाना ठेवण्यांत कायदा करणारांचा हेतु तोच होता, पण उपक्षेत्रें वाढलीं तसा ओढा मोठ्या कंपन्यांकडे गेला.

आपल्या देशाची गोष्ट थोडी निराळी आहे. कच्छमधील कांडला येथें १९६५ सालीं निर्यात-क्षेत्र निघालें. आशियांतील तें पहिलें. मुंबईंत अंधेरीस १९७३ सालीं सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात-क्षेत्र उघडलें, तेंच लोकांच्या तोंडीं असलेलें सीप्झ. सकाळीं त्याच्या दाराशीं कामगारांची जी रीघ लागते ती आमच्या वाचकांपैकीं कांहींच्या रोजच्या पाहण्यांतील असेल. तेथें आरंभीं विजेचीं उपकरणें व मागाहून हिरे व दागिने यांचें काम वाढलें. २००५ सालीं संसदेनें विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा केला. मग मात्र अशा क्षेत्रांसाठीं जमिनीची मागणी इतकी वाढली कीं जकातीचा प्रश्न बाजूस राहून शेताचा प्रश्न पुढें आला. रायगड जिल्ह्यांत पेणच्या बाजूस तर २००८ च्या सप्टेंबरांत २२ गांवांतील शेतकऱ्यांचें मत सरकारनें चिठ्ठ्या घेऊन अजमाविलें. आपली भातशेती त्या कुंपणांत जाऊं नये म्हणून ते झगडत होते. अमेरिकेंतील क्षेत्र बहुधा असलेल्या धक्क्यावर किंवा असलेल्या कारखान्यावरच कागदानें उभें राहतें. आपल्याकडे तें गांव उठवूं पाहत होतें. दोहोंस एकाच नांवाखालीं मोजणें बरोबर नव्हे.

जकातीच्या हिशेबांतहि एक भेद आहे, तो सांगून लेखणी खालीं ठेवूं. २००५ च्या कायद्याच्या तिसाव्या कलमानें असें ठरविलें कीं, क्षेत्रांतील माल देशाच्या बाजारांत विकावयाचा झाल्यास तो जणूं परदेशांतून आला असें समजून त्यावर जकात घ्यावी. ही जकात संपूर्ण वस्तूवर असते. म्हणजे शंभर रुपयांचा परदेशी कच्चा माल अंधेरीस आला, तेथील कारागिरानें त्यावर साठ रुपयांचें काम केलें व तो पदार्थ दादरच्या दुकानांत विकावयास काढला, तर जकात शंभरांवर न लागतां एकशेंसाठांवर लागते. कारागीर राहतो विरारला, रेशन घेतो येथें, त्याचीं मुलें शिकतात येथें; पण कलमाच्या हिशेबीं त्याचे साठ रुपयांचे श्रम समुद्रापलीकडून आलेले. याच प्रसंगीं स्पार्टनबर्गच्या कामगाराचे श्रम १९८० च्या निर्णयाप्रमाणें घरचे धरले जातात. आपल्या क्षेत्रांतील कारखानदार कित्येक वर्षें मागत आले आहेत तें एवढेंच कीं, कच्चा माल आणतांना जी जकात सोडली तेवढीच बाहेर विकतांना घ्या. मागच्या बांकावरील आमच्या विद्यार्थ्यानें, आठवींतून वर जाण्यापूर्वीं, शंभर व एकशेंसाठ या दोन आंकड्यांवर शेंकडा दहानें जकात काढून फरक किती तो आम्हांस आणून दाखवावा.